मॅट व्हार्निश मारलं की रणगाडा पांढरा पडतो: पावसाळ्यातल्या मुंबईसाठी निदान आणि उपाय

जून उजाडला की हा प्रश्न हमखास येतो. टेबलावर युद्ध खेळायचा छोटा मॉडेल रणगाडा, समजा सेंच्युरियन, रंगवून झालेला असतो, खाचांमध्ये वॉश (खाचा उठवणारा पातळ रंग) बसलेला असतो, मडगार्डच्या कडांना उघडं लोखंड दाखवलेलं असतं, ट्रॅकमध्ये माती भरलेली असते. शेवटचा हात म्हणून मॅट, म्हणजे चकाकी मारणाऱ्या, व्हार्निशचा स्प्रे मारला जातो आणि पाच-दहा मिनिटांत हिरव्या गाडीवर पांढुरकी झाक उतरते. मग फोटो येतो आणि खाली एक ओळ: "व्हार्निश डुप्लिकेट निघालं का?"

बहुतेक वेळा व्हार्निश ठीक असतं, हवा ठीक नसते. पण दर वेळी हवाच दोषी असते असंही नाही, आणि गोची तिथेच आहे. पांढरं पडायची कारणं बरीच आहेत, लांबून सगळी सारखीच दिसतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दुखणं पक्कं होतं. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त गाड्या वाया गेल्या त्या पहिल्या थराने नव्हे. "अजून एक हात मारून बघू, कदाचित जाईल" म्हणत त्या पांढऱ्यावरच पुन्हा मॅट मारल्यामुळे गेल्या. मॅट थरावर मॅट थर चढवून पांढरेपणा जात नाही, वाढतो.

तेव्हा पांढरं दिसलं की डबा खाली ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडीला हात लावू नका. हे नुसतं धीर धरायला सांगत नाही. पाण्यावर आधारलेली ॲक्रिलिक व्हार्निशं ओली असताना दुधाळच दिसतात. आतलं पाणी निघून गेल्यावर पारदर्शक होतात. जुलैच्या हवेत ते पाणी निघायला वेळ लागतो, विशेषतः इंजिन डेकच्या जाळीत किंवा टरेटच्या (तोफेच्या फिरत्या घुमटाच्या) खाली जिथे व्हार्निश साचतं तिथे. पंख्याखाली रात्रभर ठेवलेली गाडी सकाळी आपोआप बरी झालेली असते, असं कितीदा तरी होतं.

पांढरं नेमकं कुठे आहे?

सकाळीही तसंच असेल तर एक साधी तपासणी करा. मऊ ब्रश घ्या, स्वच्छ पाण्यात भिजवा, आणि हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) मागच्या बाजूला, जिथे खेळताना कुणाचं लक्ष जात नाही अशा जागी, नखाएवढा भाग ओला करा. मग उजेडात तिरकं धरून बघा.

ओलं केल्यावर पांढरं गायब झालं, खालचा रंग पूर्ण दिसला आणि वाळल्यावर पांढरं परत आलं, तर दोष वरच्या पृष्ठभागावर आहे. तो सूक्ष्म पातळीवर खडबडीत झालाय, त्यावरून उजेड सगळीकडे फाकतो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. पाण्याने ते खळगे भरले की रंग दिसतो. ही चांगली बातमी समजा, कारण पाण्याने तात्पुरतं जे केलं ते ग्लॉस व्हार्निश कायमचं करू शकतं.

ओलं करूनही काडीचा फरक पडला नाही, तर पांढरं थराच्या आत किंवा थराखाली आहे. ब्रशबरोबर निघून आलं, तर ती पूड आहे: पिगमेंट (धूळ-माती दाखवायची कोरडी रंगपूड), क्षार किंवा बुरशी. आणि पांढरं फक्त नंबर आणि खुणांच्या भोवतीच असेल तर व्हार्निशचा विषय सोडा, डीकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) तपासा.

एवढं कळल्याशिवाय पुढचं काही करू नये.

हवेचा हिशेब

पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही मुंबईत रोजची गोष्ट. अशा हवेचा दवबिंदू साधारण २७ अंश येतो. म्हणजे कुठलाही पृष्ठभाग हवेपेक्षा जेमतेम ३ अंशांनी थंड झाला की त्यावर पाणी धरणार. त्याच ३० अंशांना आर्द्रता ५५ टक्के असती तर दवबिंदू २० च्या आसपास राहिला असता, म्हणजे १० अंशांची सूट. स्प्रेमधला द्रावक आणि गॅस उडून जाताना उष्णता ओढून घेतात, त्यामुळे ताजा थर थंड पडतो. १० अंशांची सूट असली की हे खपून जातं, ३ अंशांच्या सुटीत नाही.

मग अर्धवट ओल्या थरात हवेतलं पाणी शिरतं, थर त्याच्याभोवती घट्ट होतो, पाणी पुढे यथावकाश उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. पांढरं दिसतं ते या पोकळ्यांमुळे. लाकडाला किंवा मोटारीला लॅकर मारणारे कारागीर याला ब्लशिंग म्हणतात आणि पावसाळ्यात तेही याच्या नावाने बोटं मोडतात.

आता आपल्या घरांमधली खास अडचण. रंगवायचं काम बेडरूममध्ये होतं, एसी २४ वर लावून, कारण घामाचे थेंब पॅलेटवर पडायला नकोत. स्प्रे मात्र घरात मारता येत नाही, म्हणून गाडी उचलून थेट बाल्कनीत किंवा गच्चीवर. २४ अंशांची गाडी २७ दवबिंदूच्या हवेत गेली की फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवल्यावर तिला घाम सुटतो तसा तिलाही सुटतो. डोळ्याला दिसत नाही एवढंच. मॅट रंगावरचा पाण्याचा पातळ थर दिसतच नाही. आपण त्या ओल्या अंगावरच व्हार्निश मारतो. रेझिन हल आणि व्हाइट मेटल ट्रॅक असलेल्या १५ मिमी मापाच्या मॉडेल गाड्यांवर हे ओळखणं सोपं आहे: धातू जास्त वेळ थंड राहतो, म्हणून पांढरेपणा आधी आणि जास्त ट्रॅकवर दिसतो. ट्रॅक पांढरे आणि टरेट बरा, असं असेल तर संशय थेट एसीवर घ्या.

यावरचा उपाय फुकटचा आहे. एसीच्या खोलीतच गाडी झाकणाच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट लावा, डबा बाहेर न्या आणि अर्धा तास तसाच राहू द्या. गाडी बाहेरच्या तापमानाला आली की मगच झाकण उघडा. शिवाय स्प्रे मारण्याआधी हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर ठेवून गाडी हाताला किंचित कोमट लागेल इतपत गरम केली तर आणखी काही अंशांची सूट मिळते. ड्रायर सतत फिरता ठेवा. बारीक प्लॅस्टिक किंवा रेझिनची तोफनळी एका जागी तापली की वाकते, आणि वाकलेली २० पाउंडर (सेंच्युरियनची तोफ) घेऊन टेबलावर गेलात तर समोरचा दुसरं काही बोलणार नाही, फक्त त्यावरच बोलेल.

डब्याचंही तेच. आतला गॅस बाहेर पडताना डबा गार होतो, सलग दाबून धरलं तर हाताला कळण्याइतका, आणि फवारा जाडाभरडा होतो. आधी डबा कोमट पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ ठेवा. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीचं पाणी. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात डबा ठेवायचा विचारही नको. मग दोन-तीन मिनिटं मनापासून हलवा आणि छोटे छोटे फवारे मारा. गाडीच्या बाहेर सुरुवात, गाडीच्या बाहेर शेवट.

ह्युमिडिटी मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच. व्हार्निशच्या दोन डब्यांपेक्षा स्वस्त पडतो. माझा ठोकताळा असा: ६० च्या खाली बिनधास्त, ६० ते ७० मध्ये गाडी कोमट करून आणि पातळ हात, ७५ च्या वर स्प्रेचा डबा कपाटात. पावसाळ्यात साठच्या खालचा आकडा बाल्कनीत दिसायचा नाही, पण दोन दिवस उघाड मिळाली आणि दुपारी दोन-तीनचं ऊन असलं तर सत्तरपर्यंत उतरतो. पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. "सकाळी सकाळी वारा नसतो, तेव्हा मारतो" हे डिसेंबरात ठीक.

मग एसीच्या खोलीतच का मारू नये? तिथे आर्द्रता पन्नाशीत असते हे खरं. पण डब्यातला गॅस ज्वालाग्राही असतो, द्रावकाची वाफ बंद खोलीत फिरत राहते आणि ती तुम्हीच ओढता. हे करू नका. लिफ्टच्या लॉबीतही नको. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा उद्धार होईल तो वेगळाच.

माझं स्पष्ट मत: जून ते सप्टेंबर व्हार्निशसाठी स्प्रेचा डबा वापरूच नये. पाण्यावर आधारलेलं ॲक्रिलिक मॅट व्हार्निश घ्यावं, एसी ड्राय मोडवर लावावा आणि एअरब्रशने, तो नसेल तर रुंद मऊ ब्रशने, दोन पातळ हात द्यावेत. एअरब्रश असेल तर मास्क इथेही लागतोच. पाण्याच्या व्हार्निशमध्ये ब्लशिंगचा हा प्रकार होत नाही. वाळायला वेळ जास्त, पण पाऊस पडत असताना तुम्हाला घाई कसली आहे?

पांढरी झालेली गाडी परत कशी आणायची

ओल्या ब्रशच्या तपासणीत पांढरं गायब होत असेल तर ग्लॉस ॲक्रिलिक व्हार्निशचा एक पातळ, सारखा हात द्या. बहुतेक गाड्या तिथेच परत येतात. गाडी चकाकते, ते बघून घाबरू नका. पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात किमान एक दिवस, आणि मग मॅटचा एकच पातळ हात. मॅट जितका कमी तितका बरा. मॅटपणा पहिल्या पातळ थरातच येतो, त्यापुढचा प्रत्येक थर फक्त धूसरपणा वाढवतो.

स्प्रेचं व्हार्निश लॅकर प्रकारचं असेल आणि ग्लॉसनेही भागलं नाही, तर रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) असलेला लॅकर थिनर एअरब्रशमधून अगदी हलका, लांबून धुक्यासारखा मारतात. थर थोडा मऊ होतो, सावकाश परत घट्ट होतो आणि तेवढ्यात पोकळ्या मिटतात. हे काम करतं, पण खालच्या ॲक्रिलिक रंगालाही हा थिनर सोडत नाही. आधी एखाद्या रंगवलेल्या तुकड्यावर करून बघा, आणि कोरड्या दिवशीच करा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी थिनर यासाठी मुळीच नको. पॉलिस्टायरिन प्लॅस्टिक त्यात विरघळतं. रिव्हेट गेलेच म्हणून समजा.

खोबरेल तेलाचं बोट फिरवण्याचा सल्ला हमखास कुणीतरी देतो. तेलाने पांढरं दिसेनासं होतं, हे खरं. पाण्याने होतं त्याच कारणाने होतं, फक्त तेल उडून जात नाही. नंतर त्यावर दुसरा कुठला थर नीट धरत नाही, धूळ मात्र छान धरते. शोकेसमधल्या गाडीवर कदाचित चालेल. आपल्या गाड्या दर रविवारी चार जणांच्या हातात जातात.

हवा चांगली, तरी पांढरं: मग बाटली बघा

मॅट व्हार्निश म्हणजे पारदर्शक थर आणि त्यात मिसळलेली अत्यंत बारीक पूड, बहुतेक करून सिलिका. ही पूड थराला बारीक खडबडीत करते, म्हणून चकाकी मरते. बाटली उभी राहिली की पूड तळाशी बसते. न हलवता वरचं ओतलं तर गाडी चकाकते, तळातलं गाळयुक्त ओतलं तर पांढरी पडते. एकाच बाटलीची दोन्ही गाऱ्हाणी मी ऐकली आहेत, महिन्याच्या अंतराने, एकाच माणसाकडून. बाटलीत स्टीलचा छोटा छर्रा टाका आणि हलवा. वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ हलवा.

तामियाच्या एक्स-२१ या बाटलीवर 'फ्लॅट बेस' लिहिलेलं असतं. ते वाचून नवीन मंडळी ती व्हार्निश समजून थेट मारतात. ते व्हार्निश नाही, तो मॅट करणारा घटक आहे, दुसऱ्या रंगात किंवा क्लिअरमध्ये थोडा मिसळायचा. नुसता मारला तर पांढरा थर येणारच, मग तुम्ही मुंबईत असा नाहीतर जैसलमेरला.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक प्रकार होतो. फार लांबून मारलेला स्प्रे गाडीवर पोहोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि कोरडे कण चिकटतात. बोट फिरवलं की बारीक पॉलिश पेपरसारखं लागतं. त्यावर उपाय जवळून मारण्याचा, वीसेक सेंटिमीटरवरून. झालेल्यावर ताठ ब्रशने कोरडंच घासून बघा, बरंच निघतं.

पाणी, वाळू आणि थिनर

पाणी आणि वाळूचा कुणालाच संशय येत नाही, म्हणून जरा विस्ताराने.

वॉश वाळल्यावर खाचेच्या कडेला बारीक पांढरी रेघ उमटते, आणि त्यावर मॅट मारला की ती आणखी उठून दिसते. वॉश कशात पातळ केला होता ते आठवा. महापालिकेचं तानसा-भातसा-वैतरणेचं पाणी पावसाचं, तसं हलकं असतं. पण अनेक उपनगरी सोसायट्यांत टँकर येतो किंवा बोअरवेलचं पाणी टाकीत मिसळतं, आणि त्यात क्षार असतात. बाथरूमच्या नळावर पांढरे डाग धरत असतील तर तुमच्या वॉशमध्येही तेच क्षार जाताहेत. एका काळ्या टाइलवर त्या पाण्याचा थेंब वाळू द्या. कडं उमटलं की कळलं. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठीचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, एक बाटली सहज वर्षभर पुरते.

टर्पेंटाइनचीही हीच परीक्षा. ऑइल कलरचे वॉश करायला हार्डवेअरमधलं टर्पेंटाइन स्वस्त पडतं, पण काही मालात तेलकट अवशेष राहतो आणि व्हार्निश त्यावर डागाळतं. काचेवर थेंब टाका, वाळल्यावर बोट फिरवा. चिकट लागलं तर ते ब्रश धुवायला ठेवा. शिवाय दमट हवेत ऑइल वॉश लवकर सुकत नाही. वरून कोरडा वाटतो, खाचेत ओला असतो, आणि त्यावर पाण्याचं व्हार्निश मारलं की ते फाटल्यासारखं तुटतं. दोन दिवस द्या.

आणि वाळू. चौपाटीवरून पिशवीभर वाळू आणून बेसला लावणारे दरवर्षी सापडतात. समुद्राच्या वाळूत मीठ असतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, उन्हाळ्यात परत कोरडं होतं, आणि बेसच्या कडेने व ट्रॅकच्या खालच्या अंगाला पांढरे कण फुलतात. व्हार्निशने झाकलं तरी मीठ आतून व्हार्निश उचलतं. बांधकामाची चाळलेली वाळू घ्या, तीही धुऊन. चौपाटीचीच हवी असेल तर गोड्या पाण्याने इतक्या वेळा धुवा की शेवटच्या पाण्याचा थेंब काळ्या टाइलवर डाग न ठेवता वाळेल.

रंगाचाही मुद्दा आहेच. कोकणी जांभ्याची लाल माती किंवा देशावरची काळी माती १९६५ च्या खेमकरण लढाईतल्या गाडीवर शोभत नाही. पंजाबची गाळाची माती फिकट, भुरी असते.

पिगमेंट: पांढरं पडणं आणि गायब होणं

पिगमेंट बसवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं आणि खालचा रंग ॲक्रिलिक असेल तर अल्कोहोल तो रंग किंवा व्हार्निश थोडं उकलतं आणि वाळताना पांढरट ओरखडे राहतात. मिनरल स्पिरिट वापरा, किंवा तयार पिगमेंट फिक्सर. एवढंच.

उलटी तक्रार जास्त येते: धुळीचा सुंदर थर होता, मॅट मारल्यावर नाहीसा झाला. पुडीचा फिकटपणा तिच्या कणांमधल्या हवेमुळे असतो, व्हार्निश ती जागा भरतं. शोकेसवाले यावर व्हार्निशच मारत नाहीत. आपल्याला ते परवडत नाही, कारण पिगमेंट तसंच ठेवलं तर पहिल्याच खेळात ते बोटांवर येईल. म्हणून खेळायच्या गाडीवर धूळ पिगमेंटने करूच नये असं माझं म्हणणं. तामियाचा एक्सएफ-५७ बफ भरपूर पातळ करून एअरब्रशने खालच्या अंगाला, किंवा कोणताही भुरा ॲक्रिलिक स्पंजने. रंगाची धूळ व्हार्निशखाली जशीच्या तशी राहते.

धूळ किती आणि चिखल किती, हे लढाईवर ठरतं, आणि शेवटचा थर मॅट असावा की नाही हेही त्यावरच. डिसेंबर १९७१ च्या लोंगेवालात (राजस्थान) थरच्या वाळूत आलेले पाकिस्तानी टी-५९ रणगाडे धुळीने माखलेले दाखवा, सगळं मॅट. पण सप्टेंबर १९६५ च्या असल उत्तरला (पंजाबात, खेमकरणजवळ) कालवे फोडून शेतं पाण्याने भरली होती आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या चिखलात रुतले. तिथे वरचा भाग मॅट, पण ट्रॅक आणि खालचा हल ओल्या चिखलाचा. एकसारखा मॅट फवारला तर तो चिखल महिनाभर वाळलेला दिसतो. सगळ्यात शेवटी, मॅट वाळल्यावर, ग्लॉसमध्ये थोडा तपकिरी रंग मिसळून बारीक ब्रशने ट्रॅकच्या फटीत आणि रोड व्हीलच्या कडांना लावा. भारताच्या पूना हॉर्स रेजिमेंटचे सेंच्युरियन दोन्ही युद्धांत होते, १९६५ ला फिल्लोऱ्याकडे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांच्या हाताखाली आणि १९७१ ला बसंतरवर. एक गाडी सप्टेंबरची, दुसरी डिसेंबरची. दोन्ही लढाया खेळायच्या असतील तर एकच प्लाटून दोन्हीकडे वापरताना कुणी हटकणार नाही, पण चिखल-धूळ त्यानुसार ठरवली तर मजा वेगळी.

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन आलेले तिथल्या रंगाचे फोटो दाखवतात. तिथे आकार, हॅचेस, ट्रॅकची जोडणी, वेल्डिंगच्या रेषा जरूर बघाव्यात. प्रदर्शनासाठी रंगवलेल्या गाड्यांवरून धूळ आणि चकाकी ठरवू नये.

डीकॅल आणि कॉम्प्रेसर

खुणांभोवती चंदेरी पांढरं दिसत असेल तर डीकॅलखाली हवा अडकली आहे. मॅट रंगावर थेट डीकॅल लावलं की हे होतं. नव्या ब्लेडच्या टोकाने दोन-चार बारीक टोचे मारा, मिस्टर मार्क सॉफ्टर किंवा मायक्रो सोल लावा, गरज पडली तर पुन्हा. पुढच्या गाडीला आधी ग्लॉस, मग डीकॅल, मग परत ग्लॉस, मग वॉश, मग मॅट. टरेटवर 'फामागुस्ता' (बसंतरला अरुण खेतरपाल यांच्या सेंच्युरियनचं नाव) लिहायचं असेल आणि घरच्या इंकजेटवर डीकॅल छापणार असाल, तर छापलेल्या कागदावर पाण्यात टाकण्याआधी क्लिअरचा थर हवाच, नाहीतर शाई पसरते.

एअरब्रशला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरचं दुखणं पांढऱ्या झाकेचं नसतं, गोल ठिपक्यांचं असतं, पण लोक दोन्ही एकच धरतात. हवा दाबली की तिच्यातली वाफ मावत नाही. ८५ टक्के आर्द्रतेची हवा जराशी दाबून पुन्हा खोलीच्या तापमानाला आली तरी पाणी सुटतं, आणि आपण ती तिप्पट दाबतो. ते पाणी टाकीत, नळीत आणि शेवटी तुमच्या टरेटवर. टाकीचा खालचा नट काम झालं की दर वेळी उघडून पाणी काढा. मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असतो तेव्हा हवा अजून गरम असते, वाफ तशीच पुढे जाते आणि नळीत गार होऊन पाणी होतं. लांब नळी आणि एअरब्रशजवळ दुसरा छोटा ट्रॅप लावला की फरक लगेच दिसतो.

कपाटातून काढल्यावर पांढरी झालेली गाडी

जूनमध्ये नीट ठेवली, गणपतीनंतर काढली आणि पांढरी? भिंग लावून बघा. तंतू दिसले, किंवा गोल गोल ठिपके दिसले, तर ती बुरशी आहे. बेसवरचा फेविकॉल, गवताचा फ्लॉक (नकली गवताचा भुसा) आणि खेळताना लागलेले वड्याचे हात, तिला एवढं पुरतं. बाल्कनीत नेऊन कोरड्या ब्रशने झटका, घरात नको. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला ब्रश बेसवरून फिरवा, गाडीच्या ॲक्रिलिक थरावर मात्र नको, कारण वर सांगितलंच आहे. चांगली वाळल्यावर बेसला मॅट व्हार्निशने बंद करा.

पुढच्या वर्षीसाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे सुटी मिळते. रंग बदलणारी घ्या, शक्यतो नारिंगी. निळी कोबाल्टची असते, ती हाताळायला तितकी बरी नव्हे. रंग बदलला की जुन्या, स्वयंपाकातून बाद केलेल्या तव्यावर मंद आचेवर गरम केली की परत कामाला येते. डबा परवडत नसेल तर कपाटात झिरोचा बल्ब, जुना तारेचा, एलईडी नव्हे. एलईडी फारसा गरम होत नाही, त्यामुळे उपयोगही नाही. गाड्या बल्बपासून वीतभर लांब.

खेळायला जाताना एसी लोकलमधून किंवा एसी टॅक्सीतून डबा नेलात, तर यजमानाच्या घरी पोहोचल्यावर लगेच उघडू नका. चहा होऊ द्या, मग झाकण काढा.